तुझी आली का?

कॉलेजच्या आवारात फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला एक प्रश्न सारखा कानावर पडतो : ‘तुझी आली का?’ काय आली, हे कुणाला विचारावं लागत नाही. उत्तरंही ठरलेली. ‘पहिला हप्ता आला, दुसरा नाही.’ ‘अजून डेस्क दोनवरच आहे.’ ‘सेंड बॅक आलाय, उत्पन्नाचा दाखला परत मागितलाय.’ मधूनच एखादा मोबाइल पुढे करतो. त्यावर बँकेचा संदेश असतो, रक्कम असते, तारीख असते. बाकीची मुलं रक्कम बघतात. मला मात्र तारखेकडे बघायची सवय लागली आहे.

एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती समितीवर मी काही वर्षं होतो. कागद तपासले, खिडकीतून आलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून मुलांना परतही पाठवलं. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. शिष्यवृत्ती किती मिळते यावर विधिमंडळात, वर्तमानपत्रांत, मोर्च्यांत भरपूर बोललं जातं. केव्हा मिळते, हे ‘विलंब’ या एका शब्दात उरकलं जातं. अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या हिशेबात मात्र ‘किती’पेक्षा ‘केव्हा’ जड असतं. जुलैतले दहा हजार आणि मार्चमधले दहा हजार सरकारी खतावणीत सारखेच दिसतात. मुलाच्या खिशात त्यांची किंमत वेगळी असते. महाराष्ट्रातल्या शिष्यवृत्तीच्या पैशाचा हा आढावा त्या तारखेच्या बाजूने घेतलेला आहे.

वारापासून खात्यापर्यंत

गरिबाच्या पोराला शिकवायचं तर आधी त्याच्या पोटाची सोय लावावी लागते, हे आपल्याकडचं जुनं शहाणपण. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवायचा. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी माधुकरी, नाहीतर उपास. त्या पद्धतीत मिंधेपण होतं आणि तिचं दार एका जातीपुरतंच उघडं होतं. पण तिचा एक गुण मान्य करावा लागतो : भूक ज्या दिवशीची, जेवणही त्याच दिवशीचं.

हे दार इतरांसाठी उघडण्याचं मोठं काम राजर्षी शाहूंनी केलं. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पाठोपाठ निरनिराळ्या जाती-धर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. मुलानं राबायचं, संस्थेनं जेवू-खाऊ घालून शिकवायचं. या दोन्ही वाटांवर मुलाच्या हातात रोकड फारशी येत नव्हती. छप्पर आणि ताट थेट मिळत होतं, म्हणून ‘केव्हा’ हा प्रश्नच उठत नव्हता.

रोख शिष्यवृत्तीचं आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९१३ चं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले. बदल्यात परतल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार होता. त्या पैशांत परक्या शहराचा खर्च, पुस्तकं आणि घरी पाठवायची रक्कम, सगळंच बसवायचं होतं. ते बसलं यामागे बाबासाहेबांची काटकसर होतीच. पण त्या करारातला ‘दरमहा’ हा शब्दही कामाला आला. महिन्याला काय येणार हे ठाऊक असेल, तरच काटकसर करता येते. काहीच ठाऊक नसेल तेव्हा माणूस करतो ती फक्त ओढाताण.

पुढे हेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही चालू आहे. कॉलेजच्या खिडकीवर तिचं नाव ‘भारत सरकार’ किंवा नुसतंच ‘जीओआय’. दलित कुटुंबांतल्या पहिल्या पदवीधरांच्या कित्येक पिढ्या या एका योजनेवर उभ्या आहेत.

दोन प्रकारचा पैसा

आज योजनांची यादी इतकी लांब आहे की नोटीस बोर्डावर मावत नाही. पण विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं तर पैसा दोनच प्रकारचा : शुल्काचा आणि जगण्याचा.

शुल्काच्या पैशात सर्वांत मोठा वाटा ‘भारत सरकार’चा. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असलं की अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शुल्क आणि भत्ता दोन्ही मिळतात. त्यावर उत्पन्न गेलं तर ‘फ्रीशिप’, म्हणजे शुल्क माफ, भत्ता नाही. आदिवासी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि इतर मागासवर्गीयांसाठी त्या त्या विभागांच्या योजना आहेत. खुल्या प्रवर्गातल्या गरीब मुलांसाठी पूर्वी ‘ईबीसी’ सवलत होती. तीच आता राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती म्हणून ओळखली जाते, आणि तिची उत्पन्नमर्यादा आठ लाखांपर्यंत वाढवलेली आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आणखी एक मोठं पाऊल टाकलं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पन्नासऐवजी शंभर टक्के सवलत मिळू लागली.

जगण्याच्या पैशाच्या योजना वयानं लहान आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये ‘स्वाधार’ आली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’, आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि अलीकडे इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची ‘आधार’ योजना, ही तिची भावंडं. केंद्राकडून बारावीच्या गुणवंतांना पदवीसाठी वर्षाला १२ हजार आणि पदव्युत्तरसाठी २० हजार मिळतात. तंत्रशिक्षणातल्या मुलींसाठीची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजारांची.

हा फरक शब्दांचा नाही. शुल्काच्या पैशात विद्यार्थी हा फक्त मधला टप्पा असतो, कारण पैसा शेवटी कॉलेजला जायचा असतो. जगण्याचा पैसा मात्र त्याचा स्वतःचा. गंमत अशी की शुल्क माफ झालं की समाजाला वाटतं शिक्षण फुकट झालं. मुलींच्या शंभर टक्के सवलतीचंच घ्या. त्या निर्णयामुळे घरातल्या ‘पोरीला इंजिनीअरिंग कशाला’ या वादातला सगळ्यात मोठा मुद्दा निकालात निघाला, हे निर्विवाद. पण खोलीचं भाडं, मेस, एसटीचा पास, लॅपटॉप हे सगळं तसंच उरतं. बापाच्या तोंडचं वाक्य फक्त बदलतं : ‘फी नाही म्हणतात, मग एवढे पैसे कशाला लागतात?’

डेस्क, लॉट आणि पाचवं पासबुक

२०१७ च्या ऑक्टोबरात महाडीबीटी हे संकेतस्थळ आलं. विद्यार्थ्याचा अर्ज ऑनलाइन, पैसे थेट खात्यात, मध्ये कुणाचा हात नाही, अशी कल्पना. त्याआधी खोट्या विद्यार्थ्यांच्या नावावर आणि फुगवलेल्या शुल्कावर शिष्यवृत्ती लाटणाऱ्या संस्थांची प्रकरणं उघडकीला आली होती, त्यामुळे हेतूबद्दल वाद नव्हता. पण पहिल्याच वर्षी संकेतस्थळ इतकं अडखळलं की त्या वर्षीचे अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. पुढे ते सावरलं आणि आता मुलांच्या तोंडी त्याचीच परिभाषा आहे.

अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाच्या डेस्कवर येतो, मग प्राचार्यांच्या, मग संबंधित खात्याच्या जिल्हा कार्यालयाच्या. प्रत्येक ठिकाणी ‘मंजूर’ किंवा ‘सेंड बॅक’. तिथून पुढे मंजूर अर्जांचे ‘लॉट’ निघतात, बिलं कोषागारात जातात आणि निधी उपलब्ध असेल त्याप्रमाणे पैसे सुटतात. विद्यार्थ्याला यातलं एवढंच दिसतं की पडद्यावरची एक ओळ बदलली किंवा बदलली नाही. पूर्वी खिडकीतल्या कारकुनाशी भांडता तरी येत होतं. पडद्यावरच्या ‘अंडर स्क्रुटिनी’शी कुणी आणि कसं भांडायचं?

शेवटचा टप्पा बँकेचा, आणि सर्वांत विचित्र अडथळे तिथेच आहेत. एक मुलगा आठवतो. त्याच्या अर्जावर पैसे जमा झाल्याची नोंद होती, खात्यात दमडी नव्हती. तो घरातली सगळी पासबुकं घेऊन आला. गावच्या जिल्हा बँकेचं, शाळेत उपस्थिती भत्त्यासाठी काढलेलं, अकरावीत उघडलेलं आणि कॉलेजसमोरच्या बँकेचं, अशी चार. चारही भरून घेतली, पैसे कुठेच नाहीत. शेवटी आधारच्या संकेतस्थळावर तपासलं तेव्हा पाचवं खातं निघालं. दोन वर्षांपूर्वी सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन उघडून दिलेलं. त्याचं पासबुक नव्हतं, कार्ड नव्हतं, आणि तो मोबाइल क्रमांकही बंद पडलेला. पैसे सुखरूप होते, पण हातात यायला आणखी दीड महिना गेला.

यामागचं यंत्र समजून घेण्यासारखं आहे. आधारच्या आधारे पैसे पाठवताना सरकार खाते क्रमांक बघत नाही. राष्ट्रीय भुगतान निगमाच्या नोंदवहीत त्या आधार क्रमांकापुढे कुठली बँक लिहिली आहे, एवढंच पाहिलं जातं. तिथे एका वेळी एकच बँक असते, आणि ती बहुधा सर्वांत शेवटी जोडलेली. अर्जात काळजीपूर्वक लिहिलेल्या खाते क्रमांकाचा तिथे उपयोग नाही. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि त्या नोंदवहीत त्या खात्याची बँक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे भल्याभल्यांना ठाऊक नसतं, तर अठरा वर्षांच्या पोराला कुठून असणार?

दुसरा सापळा ‘छोट्या खात्या’चा. पुरेशा कागदपत्रांविना उघडलेल्या अशा खात्यात एका वेळी ५० हजारांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात एक लाखाहून जास्त जमा होत नाही आणि महिन्याला दहा हजारांहून जास्त काढता येत नाहीत. लहानपणी आईनं हौसेनं काढलेलं खातं असं असलं की अभियांत्रिकीच्या शुल्काची रक्कम बँकेच्या दारातून माघारी जाते. तिसरा सापळा निष्क्रिय खात्याचा. वर्षातून एकदाच पैसे येणाऱ्या खात्यात दोन वर्षं हालचाल नाही झाली की ते गोठायचं. यावर मात्र रिझर्व्ह बँकेनं चांगला उतारा काढला. १ एप्रिल २०२४ पासून शिष्यवृत्ती किंवा सरकारी मदतीसाठी उघडलेली शून्य शिलकीची खाती दोन वर्षं वापरात नसली तरी निष्क्रिय ठरवता येत नाहीत. नियम चांगला आहे, फक्त तो काउंटरवरच्या माणसालाही माहीत असायला हवा.

सात दिवसांचे खजिनदार

२०२० च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा पाया बदलला. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा झाला, त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के म्हणजे ३५,५३४ कोटी. त्याआधीच्या सूत्रात बहुतेक भार राज्यांवर पडत होता आणि काही राज्यांत योजना मरणपंथाला लागली होती, त्यामुळे हा बदल मोलाचा. पद्धत अशी की राज्यानं आपला ४० टक्के वाटा आधी द्यायचा, मग केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येणार. त्यात शुल्काचाही पैसा आला. तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा.

आता हे घरातून बघू. ज्या घरात वर्षभर चार आकडी रकमेच्या वर कधी काही जमा झालं नाही, तिथल्या मुलाच्या मोबाइलवर एके दिवशी चाळीस-पन्नास हजारांचा संदेश येतो. पैसा कॉलेजचा आहे, हे त्याला माहीत असतं. पण मार्च-एप्रिल म्हणजे सोसायटीचं पीककर्ज फिरवण्याचे दिवस. घरात बहिणीचं लग्न असतं, आजीचं ऑपरेशन असतं. ‘आठ दिवसांत भरून टाकू’ म्हणून त्यातले वीस हजार घरी जातात. ते आठ दिवस पुढच्या सोयाबीनपर्यंत लांबतात. मग कॉलेज गुणपत्रिका अडवतं, शाळा सोडल्याचा दाखला अडवतं. मुलगा खिडकीशी मान खाली घालून उभा राहतो आणि खिडकीतला माणूस म्हणतो, ‘पैसे उडवले, आता रडतोस?’

मी स्वतः असं बोललो नसेन, पण मनात आणलं आहे, हे कबूल करतो. नंतर कळलं की पैसे उडवणारे अपवादच. बहुतेक ठिकाणी उधारीनं चाललेल्या घरात आलेला पैसा उधारीच्या भोकातून वाहून गेलेला असतो. जुन्या पद्धतीत पैसे थेट संस्थेला जायचे तेव्हा संस्थांनी घोळ केले. नव्या पद्धतीत संस्थेवरचा अविश्वास दूर झाला आणि त्या अविश्वासाचं ओझं मुलाच्या डोक्यावर आलं. सात दिवसांसाठी तो खजिनदार होतो, बिनपगारी आणि बिनतिजोरीचा.

दोन पंचांगं

या सगळ्याच्या मुळाशी दोन पंचांगांचा बेबनाव आहे. कॉलेजचं वर्ष जून-जुलैत सुरू होतं. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रेंगाळतात. प्रवेश झाला की अर्ज, अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातवैधता, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. सेतू केंद्रासमोरच्या रांगा, तहसीलचा सर्व्हर, तपासणी यांत दिवाळी उलटते. तिकडे सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि निधी खर्ची पडण्याची खरी घाई ‘मार्च एंड’लाच असते. खर्च सुरू होतो ऑगस्टला, पैसे सुटतात फेब्रुवारी-मार्चला, कधी पुढच्या शैक्षणिक वर्षात. मधले सात-आठ महिने मुलगा कशावर जगतो, हा प्रश्न कुठल्याच शासन निर्णयात नाही.

आकड्यांत मांडून बघू. ‘स्वाधार’ योजनेत पुणे-मुंबई-नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये धरले आहेत : जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार, किरकोळ खर्चाचे ८ हजार. इतर महानगरपालिकांच्या ठिकाणी ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. वर्ष दहा महिन्यांचं धरलं तर मोठ्या शहरात जेवणाला महिना ३,२०० आणि राहायला २,००० पडतात. मेसपुरतं हे ओढूनताणून जमतं. दोन हजारांत पुण्यात कॉट मिळणं मुश्कील. तरी रक्कम टाकाऊ नाही.

आता धरून चला, ऑगस्टमध्ये पुण्यात आलेल्या एका मुलीला मेसचे ३,२०० आणि कॉटचे ३,५०० असे महिना ६,७०० लागतात. पैसे मार्चअखेर येणार. तोवर आई दर महिन्याच्या सुरुवातीला बचत गटातून ६,७०० उचलते, व्याज महिना दोन टक्के. ऑगस्टच्या उचलीवर आठ महिन्यांचं व्याज, सप्टेंबरच्या उचलीवर सात महिन्यांचं, असं करत मार्चअखेरीस एकूण व्याज होतं ४,८२४ रुपये. म्हणजे दीड महिन्याचं जेवण. सरकारनं एक पैसाही कमी दिलेला नाही, तरी त्या मुलीचं दीड महिन्याचं ताट तारखेनं खाल्लं. आणि हे बचत गटाच्या दरानं. सावकाराच्या दरानं गणित मांडायलाच नको.

मधले आठ महिने

तरीही मुलं तगतात, ती आपल्या व्यवस्थेवर. या व्यवस्थेचा सर्वांत मोठा आधार म्हणजे मेसवाल्या काकू. पुण्या-नागपुरातच काय, नांदेड-लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांतही एका टेबलावर ती वही ठेवलेली असते. मुलाचं नाव, तारीख, सकाळ, संध्याकाळ, आणि सलग काही दिवस गावी गेलं तर ‘खाडा’. खाड्याचे पैसे वजा होतात, म्हणून मुलं दिवाळीची तिकिटं खाड्याच्या हिशेबानं काढतात. दोन वेळा परवडत नसेल तर एकाच वेळेची मेस लावायची आणि डबा दोघांत वाटून घ्यायचा, हेही सर्रास चालतं. ‘स्कॉलरशिप आली की देतो’ या वाक्यावर काकू दोन-तीन महिने थांबतात. त्यांनाही किराणावाल्याला थांबवावं लागतं. असं हे उधारीचं लोण तांदळाच्या घाऊक दुकानापर्यंत जातं. सरकारच्या शिष्यवृत्तीला खरा अग्रिम पुरवतात त्या या बायका, आणि बिनव्याजी.

दुसरा आधार मित्रांचा. एका खोलीतल्या चौघांपैकी ज्याची आधी येते, त्याच्यावर बाकीचे जगतात. कुणाची केव्हा येणार याची सगळ्यांना खडान्खडा माहिती असते, कारण तेच त्या खोलीचं अंदाजपत्रक. तिसरा आधार कामाचा. विद्यापीठांच्या ‘कमवा व शिका’ योजनेत तासाच्या हिशेबानं ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम मिळतं. ते पुरत नाही म्हणून मुलं रात्री खाद्यपदार्थांचे डबे पोचवतात, गोदामात माल चढवतात, लग्नसराईत वाढपी म्हणून जातात. इथे एक दुष्टचक्र आहे. शिष्यवृत्तीसाठी ७५ टक्के हजेरी लागते. पैसे आले नाहीत म्हणून काम, काम केलं म्हणून हजेरी कमी, आणि हजेरी कमी म्हणून पुढचा हप्ता धोक्यात.

अलीकडे यात मोबाइलवरच्या झटपट कर्जाची भर पडली आहे. पाच मिनिटांत पाच हजार, आणि चुकलं की नातेवाइकांना फोन. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम आणले खरे, पण ज्याला उद्या खोली सोडावी लागणार आहे तो नियम वाचत बसत नाही.

रीतसर शैक्षणिक कर्ज ही वेगळी वाट. तिथे चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांत (सुरुवातीला ८६०) प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराविना कर्ज आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात तीन टक्के व्याज सवलतही आहे. पण ही वाट नामवंत संस्थांची. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करणाऱ्याला बँक दारात उभं करत नाही.

संशोधक विद्यार्थी तरी सुटतात का? जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, २०२३ पासून महिना ३७ हजार झाली. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएच.डी. अधिछात्रवृत्त्या आहेत. नावाला त्या मासिक, पण अनेकदा कित्येक महिन्यांचे पैसे एकदम येतात. मुंबईच्या आझाद मैदानात आणि पुण्यात झालेल्या त्यांच्या आंदोलनांत रकमेइतकीच तारखेची मागणी होती. अधिछात्रवृत्ती नोंदणीच्या दिनांकापासून द्या, निवडीच्या दिनांकापासून नको, हा वाद शेवटी तारखेचाच.

करता येण्यासारखं

विद्यार्थ्याला चार गोष्टी हातच्या आहेत. आधारशी कुठली बँक जोडली आहे हे अर्ज भरण्याआधीच आधारच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं. नवीन सिम किंवा नवीन खातं घेताना ‘शिष्यवृत्तीचं खातं बदलत तर नाही ना’ हे विचारावं. उत्पन्नाचा दाखला प्रवेशाची वाट न बघता एप्रिल-मेमध्येच काढावा. आणि शुल्काचे पैसे आले त्याच दिवशी भरून पावती अर्जासोबत जपावी. एक रात्र जरी ते खात्यात राहिले, तरी त्यांना पाय फुटतात.

पण हे सगळं शिकवूनही मूळ दुखणं जात नाही, कारण ते मुलाच्या शहाणपणाचं नाही. शासनाला तीन गोष्टी करता येतील. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे जात, रहिवास, वैधता हे कागद बदलत नाहीत. त्यांची फेरतपासणी न करता नूतनीकरण जुलैतच व्हायला हवं. निर्वाह भत्ता हप्त्यांऐवजी दरमहा द्यावा. जे सयाजीरावांच्या खजिन्याला १९१३ मध्ये समुद्रापार जमलं, ते संगणकाच्या जमान्यात पुण्याहून पुण्यात जमायला हरकत नाही. आणि शासन निर्णयात रकमेइतकीच तारीखही बांधून घ्यावी. विद्यार्थ्यानं सात दिवसांत शुल्क भरायचं, तर अर्ज मंजूर झाल्यापासून किती दिवसांत पैसे येणार हेही लिहिलेलं असावं.

तोवर वसतिगृहाची जुनी वाट विसरू नये. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती आजही ग्रामीण मुला-मुलींना राहण्या-जेवणाची सोय देते. तिथल्या मुलाला ‘तुझी आली का’ची धास्ती बरीच कमी, कारण संध्याकाळचं ताट कुठल्या डेस्कवर अडकत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी वसतिगृहांच्या जागा वाढल्या तर भत्त्याच्या कित्येक फायली उघडाव्याच लागणार नाहीत.

परवा एका मेसमध्ये जेवायला गेलो होतो. पैसे देताना टेबलावरची वही उलटी माझ्याकडे वळलेली होती. पहिल्या रकान्यात तारीख, मग नाव, मग सकाळ-संध्याकाळच्या खुणा. रकमेचा रकाना सर्वांत शेवटी, आणि पुष्कळ ओळींत तो कोराच. काकूंना विचारलं, ‘यांचे केव्हा येणार?’ त्या भाजीचा डाव खाली ठेवत म्हणाल्या, ‘येतील हो. पण पोरं रोज जेवतात ना, म्हणून तारीख आधी लिहिते.’